रसायनशास्त्राच्या ऑनलाइन चाचणीतील गाळलेल्या जागा : मसुद्यावर मते हवी आहेत

खडूफळा

नमस्कार. आमच्या शाळेत आणि तिला जोडून असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात या सत्रापासून रसायनशास्त्राच्या छोट्या ऑनलाइन चाचण्या सुरू करायच्या आहेत. बहुपर्यायी प्रश्नांत मुले अंदाजाने खूण करतात, म्हणून गाळलेल्या जागा भरण्याचे प्रश्न ठेवावेत असा विचार आहे. विद्यार्थी नववी ते अकरावीचे आहेत, मराठी माध्यम आणि सेमी-इंग्रजी अशा दोन्ही तुकड्या आहेत, आणि जवळजवळ सर्वजण उत्तरे मोबाइलवरच लिहिणार आहेत. कागदावरच्या परीक्षेत तपासणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याचा आशय कळतो. येथे तपासणी यंत्राची असल्यामुळे चाचणी वर्गाला देण्यापूर्वी मसुदा आपल्यासमोर ठेवत आहे. समीकरणे आणि संज्ञा प्रत्यक्ष चाचणीत नेहमीच्या चिन्हांतच आहेत, येथे त्या शब्दांत लिहिल्या आहेत.

१) ______मध्ये निळा लिटमस कागद लाल होतो.
२) ______ हा धातू सामान्य तापमानाला द्रवरूप असतो.
३) शुद्ध पाण्याचा सामू (पीएच) ______ असतो.
४) प्रमाण तापमान व दाबाला आदर्श वायूच्या एका मोलचे आकारमान ______ लिटर असते.
५) ___ लोह + ___ ऑक्सिजन → ___ फेरिक ऑक्साइड (समीकरण संतुलित करा.)
६) दोन कार्बन अणू आणि त्यांच्यात दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनचे नाव ______ आहे.
७) कोबाल्टची संज्ञा ______ आहे.

प्रश्न कोणत्या प्रणालीवर ठेवावेत हे अजून ठरलेले नाही. त्याबद्दलही सांगावे.

पदच्छेद

मी रसायनशास्त्राचा नाही, मराठी शिकवतो. त्यामुळे फक्त पहिल्या प्रश्नाच्या वाक्यरचनेबद्दल लिहितो. मराठीत नामाला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. 'आम्ल' या शब्दाला 'मध्ये' जोडले की 'आम्लामध्ये' होते. आपण 'मध्ये' हे रिकाम्या जागेला चिकटवून छापले आहे, म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने रिकाम्या जागेत 'आम्ला' एवढेच लिहायला हवे. विचारी विद्यार्थी तेच लिहील, घाईतला विद्यार्थी 'आम्ल' लिहील आणि तिसरा प्रत्ययासकट 'आम्लामध्ये' असे लिहून मोकळा होईल. तिघांनाही रसायनशास्त्र सारखेच येते, पण उत्तरसूचीत एकच रूप असेल तर गुण एकालाच मिळेल.

उपाय सोपा आहे. वाक्य असे फिरवावे की रिकाम्या जागेतील नाम प्रथमेत, म्हणजे मूळ रूपात येईल. 'निळ्या लिटमस कागदाला लाल करणारे पदार्थ ज्या वर्गात मोडतात, त्या वर्गाचे नाव : ______' अशी रचना थोडी रुक्ष वाटते, पण तिच्यात सामान्यरूपाचा प्रश्न उरत नाही. त्याचबरोबर रिकाम्या जागेच्या पुढेमागे 'हा, ही, हे' किंवा लिंगानुसार बदलणारे विशेषण येऊ देऊ नये, कारण उत्तराचे लिंग आधीच कळले की निम्मे पर्याय आपोआप गळतात. सहाव्या प्रश्नात आपण 'नाव' हा शब्द रिकाम्या जागेआधी घेतला आहे, ती पद्धत योग्य आहे. तीच सगळीकडे वापरावी.

अवक्षेप

आता रसायनशास्त्राच्या बाजूने. गाळलेली जागा चांगली केव्हा म्हणावी, तर वाक्यात दिलेल्या माहितीवरून एकच उत्तर निघत असेल तेव्हा. तुमच्या मसुद्यातील दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा हे प्रश्न या कसोटीवर अपुरे पडतात.

दुसऱ्या प्रश्नात तुम्हाला पारा अपेक्षित आहे. परंतु 'सामान्य तापमान' म्हणजे किती, हे वाक्यात नाही. सीझिअम सुमारे २८.५ अंश सेल्सिअसला आणि गॅलिअम २९.८ अंशांच्या आसपास वितळते. नागपूरच्या मे महिन्यात वर्गात बसून हा प्रश्न सोडवणाऱ्या मुलीने 'गॅलिअम' लिहिले, तर तिला चूक ठरवणे कठीण आहे! 'शून्य अंश सेल्सिअसलाही द्रवरूप असणाऱ्या धातूचे नाव' असे विचारले की उत्तर पारा एवढेच उरते, कारण पाऱ्याचा द्रवणांक उणे ३८.८ अंश आहे.

तिसऱ्या प्रश्नातही तापमानच राहिले आहे. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंशांना ७ असतो. तापमान वाढले की पाण्याचे आयनीभवन वाढते आणि सामू ७ च्या खाली उतरतो, तरीही हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांची संख्या सारखीच असल्याने पाणी उदासीनच राहते. नववी-दहावीच्या मुलांना हे सांगावे की नाही हा वेगळा प्रश्न, पण अकरावीच्या चाचणीत '२५ अंश सेल्सिअसला' हे शब्द आलेच पाहिजेत.

चौथ्या प्रश्नाबाबत मला सर्वांत जास्त काळजी वाटते. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाब घेतला तर मोलर आकारमान २२.४१ लिटर येते. शून्य अंश आणि एक बार दाब घेतला तर ते २२.७१ लिटर येते. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने १९८२ मध्ये प्रमाण दाब एक बार असा बदलला, आणि एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात २२.७ हाच आकडा आहे. जुनी मार्गदर्शके आणि अनेक शिकवण्या मात्र अजून २२.४ च शिकवतात. एकाच वर्गातील दोन मुले दोन वेगवेगळी बरोबर उत्तरे देतील, आणि यंत्र त्यांतल्या एकाला चूक ठरवील. म्हणून 'प्रमाण तापमान व दाब' हा शब्दप्रयोग टाकून देऊन '० अंश सेल्सिअस तापमान आणि १ बार दाब' असे स्पष्ट लिहावे.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ४, ३, २ आहे. पण ८, ६, ४ घेतले तरी समीकरण संतुलितच असते. 'लहानांत लहान पूर्णांक सहगुणक (सूत्राआधीचे आकडे) लिहा' ही सूचना आवश्यक आहे. इतर समीकरणांत जेथे सहगुणक १ येतो, तेथे मुले जागा रिकामी सोडतात, कारण आपणच वर्गात एक लिहीत नाही. त्यामुळे 'सहगुणक १ असल्यासही तो लिहावा' हेही सांगावे लागेल.

कळफलक

मी शिक्षक नाही. शैक्षणिक संस्थांसाठी मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीची देखभाल करतो, त्यामुळे यंत्राच्या बाजूचे तेवढे लिहितो.

गाळलेल्या जागांसाठी सर्वसाधारणपणे तीन मार्ग वापरले जातात. गूगल फॉर्म्समध्ये 'लघुउत्तर' हा प्रश्नप्रकार घेऊन उत्तरसूचीत मान्य उत्तरे एकेक करून भरता येतात. तेथे अक्षरे तंतोतंत जुळावी लागतात, रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेदही पाळला जातो, आणि परिच्छेदाच्या मध्येच रिकामी चौकट ठेवण्याची सोय नाही. एच-फाइव्ह-पी या साधनात वाक्य लिहून उत्तराच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिले की तेथे चौकट तयार होते. पर्यायी उत्तरे तिरक्या रेषेने वेगळी करतात आणि अपूर्णविरामानंतर संकेत लिहिता येतो. मूडलमध्ये साधा लघुउत्तरी प्रश्न आहे, संख्यात्मक प्रश्न आहे, आणि परिच्छेदात हव्या तितक्या जागा गाळता येतील असा 'क्लोझ' प्रकारही आहे. क्लोझमध्ये प्रत्येक जागेला स्वतंत्र गुण, स्वतंत्र पर्यायी उत्तरे आणि प्रत्येक उत्तरासाठी वेगळा अभिप्राय देता येतो.

आता रसायनशास्त्राला यातले काय बाधते ते पाहू. तुमचा सातवा प्रश्न दिसतो तितका निरुपद्रवी नाही. कोबाल्टच्या संज्ञेत पहिले अक्षर मोठे आणि दुसरे लहान असते. दोन्ही मोठी केली की ते कार्बन मोनॉक्साइडचे सूत्र होते. हाफ्निअम आणि हायड्रोजन फ्लुओराइड यांची जोडीही अशीच आहे. म्हणून संज्ञा आणि सूत्रांच्या जागांसाठी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळणारा प्रकार निवडावा, आणि मूलद्रव्यांच्या नावांसाठी न पाळणारा. मूडलच्या क्लोझमध्ये ही निवड जागेगणिक करता येते, एच-फाइव्ह-पीमध्ये ती संपूर्ण प्रश्नासाठी एकच असते. मोबाइलचा कळफलक वाक्याचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो, आणि सुचवलेला शब्द निवडला की त्यापुढे मोकळी जागाही सोडतो, हे लक्षात ठेवून चाचणी आधी स्वतः मोबाइलवरच सोडवून पाहावी.

एच-फाइव्ह-पीमध्ये 'किरकोळ लेखनचुका मान्य करा' अशी एक सोय आहे आणि ती शिक्षकांना मोहात पाडते. तीन ते नऊ वर्णांच्या उत्तरात एक चूक आणि त्याहून मोठ्या उत्तरात दोन चुका ती माफ करते. भाषेच्या चाचणीत हे ठीक आहे. तुमच्या सहाव्या प्रश्नात 'इथीन' हे उत्तर असेल, तर विद्यार्थ्याने लिहिलेले 'इथेन' यंत्र बरोबर धरील, कारण फरक एका मात्रेचा आहे. रोमन लिपीत सल्फेट आणि सल्फाइट यांच्यात एकाच अक्षराचा फरक आहे. रसायनशास्त्रातील नामपद्धतीच अशा एकेका अक्षरावर उभी आहे, तेव्हा ही सोय बंद ठेवावी.

एच-फाइव्ह-पीमध्ये आणखी एक अडचण म्हणजे एकके. तेथे तिरकी रेष पर्यायी उत्तरे वेगळी करण्यासाठी असल्याने 'ग्रॅम प्रति मोल' हे एकक तिरक्या रेषेने लिहून उत्तरात घातले, तर त्याची दोन वेगळी उत्तरे होतात. एकक चौकटीच्या बाहेर छापावे, हे सर्वांत निर्धोक.

खडूफळा

तिघांचेही मनापासून आभार. अवक्षेप सरांचा मोलर आकारमानाबद्दलचा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटला. कळफलक यांना दोन प्रश्न आहेत. संख्यात्मक उत्तरांत किती फरक मान्य करावा? आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी देवनागरीत उत्तरे लिहिली तर काय होते?

कळफलक

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गुंतागुंत तेथेच आहे. यंत्र शब्द वाचत नाही, संकेतांक जुळवते. 'ॲल्युमिनिअम' या शब्दातील पहिल्या अक्षरासाठी युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र संकेतांक आला. त्याआधीपासून लोक 'अ' वर अर्धचंद्र टाइप करून तेच अक्षर बनवत आले आहेत, काहींच्या कळफलकात त्या दोहोंमध्ये एक अदृश्य जोडवर्णही येतो. पडद्यावर तिन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, परंतु यंत्राच्या दृष्टीने ती वेगवेगळी आहेत. म्हणजे विद्यार्थ्याचे उत्तर तुमच्या उत्तरसूचीशी अगदी एकसारखे दिसत असूनही चूक ठरू शकते, आणि का चूक ठरले हे पाहून कळणारही नाही. त्यात पुन्हा 'अम' आणि 'यम' असे दोन लेखनप्रकार आहेतच : सोडिअम-सोडियम, कॅल्शिअम-कॅल्शियम. या प्रत्येकाचे गुणाकार करत बसलात तर एका ॲल्युमिनिअमसाठी उत्तरसूचीत अर्धा डझन नोंदी होतील.

अशा शब्दांसाठी मी दोन गोष्टी सुचवतो. शक्य तेथे नावाऐवजी संज्ञा किंवा अणुअंक विचारावा. नावच हवे असेल तर त्या जागेला ड्रॉपडाउन, म्हणजे उत्तर निवडण्यासाठी उघडणारी पर्यायांची यादी, द्यावा. 'आम्ल', 'पारा', 'उत्प्रेरक', 'क्षपण' यांसारखे शब्द तुलनेने सरळ आहेत, तेथे टाइप करू द्यायला हरकत नाही.

अंकांबद्दल एक सावधगिरी. देवनागरी अंक टाइप केल्यास संख्यात्मक प्रश्नप्रकार ते संख्या म्हणून ओळखेलच असे नाही. 'अंक इंग्रजी कळफलकावरून लिहावेत' ही सूचना चाचणीच्या सुरुवातीलाच ठळकपणे द्यावी.

मान्य फरक किती ठेवायचा हे अवक्षेप यांनी सांगावे.

अवक्षेप

मान्य फरक सरसकट एकच ठेवू नये, कारण तो उत्तरापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अवलंबून असतो. मिठाचे मोलर वस्तुमान क्लोरीनचे ३५.५ घेऊन ५८.५ येते आणि अचूक अणुवस्तुमाने घेऊन ५८.४४ येते. येथे ०.१ चा फरक मान्य केला की दोन्ही उत्तरे बसतात. मोरचुदाच्या (निळ्या कॉपर सल्फेटच्या) बाबतीत मात्र तांबे ६३.५ आणि गंधक ३२ धरून २४९.५ येते, तर अचूक किंमत २४९.६८ आहे, म्हणजे ०.१ पुरत नाही, ०.२ लागतो. उलट मोलर आकारमानाच्या प्रश्नात एवढी सैल दोरी देता येणार नाही. कोणी ०.५ चा फरक ठेवला तर २२.४ आणि २२.७ दोन्ही स्वीकारले जातील आणि दाब स्पष्ट लिहिण्याचा हेतूच फसेल. प्रश्न तयार करतानाच दोन-तीन वाटांनी उत्तर काढून पाहावे आणि सर्व योग्य उत्तरे सामावतील पण ठरावीक चूक बाहेर राहील, एवढाच फरक ठेवावा. त्यापेक्षा बरे म्हणजे वापरायची अणुवस्तुमाने प्रश्नातच द्यावीत.

मोठे घातांक टाइप करायला लावू नयेत. ॲव्होगॅड्रो स्थिरांक विचारायचा असेल तर '६.०२२ गुणिले १० चा ___ वा घात' अशी फक्त २३ ची जागा गाळावी. आयनावरील प्रभार आणि ऑक्सिडीकरण अंक यांत चिन्हाचा क्रम उलटा असतो, एकात आकडा आधी आणि दुसऱ्यात चिन्ह आधी. तेथे नेमके काय विचारले आहे ते लिहून उत्तराच्या मांडणीचा नमुना दाखवावा, नाहीतर मुलांच्या ज्ञानाऐवजी आपण त्यांची मनकवडेपणाची परीक्षा घेतो.

आणखी एक, पर्यायी उत्तरांबद्दल. बोलीतले नाव आणि शास्त्रीय नाव नेहमी समान नसते. मोरचूद म्हणजे पाण्याचे पाच रेणू असलेले निळे कॉपर सल्फेट. 'तापवल्यावर निळा रंग जाऊन उरणारा पांढरा पदार्थ' असे विचारले आणि उत्तरसूचीत कॉपर सल्फेटचा पर्याय म्हणून मोरचूद घातले, तर चूक आपली. चुनकळी म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड आणि विरलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. मूडलमध्ये तारांकन वापरून 'चुना' हा शब्द असलेले कोणतेही उत्तर मान्य केले, तर विरलेल्या चुन्याच्या प्रश्नात 'कळीचा चुना' (म्हणजे चुनकळी) लिहिणाऱ्यालाही गुण मिळतील.

परीक्षानळी

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला मूळ निर्णयाबद्दलच शंका आहे. इतकी खटाटोप करण्यापेक्षा प्रत्येक जागेला ड्रॉपडाउन द्यावा आणि मोकळे व्हावे. लेखनभेद, अदृश्य वर्ण, मोठी-लहान अक्षरे हे सगळे प्रश्न एका फटक्यात संपतात. ग्रामीण भागातील मुलांना मोबाइलवर देवनागरी टाइप करणे जड जाते, आणि त्यांचा वेळ रसायनशास्त्राऐवजी जोडाक्षरे शोधण्यात जातो.

जुनी प्रयोगशाळा

परीक्षानळी ताई, आपला वेळेबद्दलचा मुद्दा मान्य आहे. परंतु सर्वत्र ड्रॉपडाउन दिला की प्रश्न पुन्हा बहुपर्यायीच होतो, आणि खडूफळा यांना तेच टाळायचे होते. उत्तर ओळखणे आणि उत्तर आठवणे या वेगळ्या क्रिया आहेत. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात एका आठवड्यानंतर अधिक राहिले होते.

अवक्षेप

तो प्रयोग महत्त्वाचा आहे, पण त्यात तुलना पुनर्वाचन आणि आठवून लिहिणे यांची होती. ड्रॉपडाउन विरुद्ध रिकामी चौकट हा आपला वाद त्याने सुटत नाही. माझ्या मते येथे सरसकट नियम करण्याची गरजच नाही. इथेन, इथीन आणि इथाइन यांतील फरक तपासायचा असेल तर ड्रॉपडाउनच अधिक चांगला, कारण तिन्ही नावे समोर ठेवून निवड करणे हेच तेथे कौशल्य आहे. समीकरणाचे सहगुणक मात्र टाइपच करून घ्यावेत; अंक टाइप करणे कोणालाच जड जात नाही, आणि पर्याय दिले तर मुले अणू मोजण्याऐवजी प्रत्येक पर्याय बसवून पाहतात. आम्ल, पारा यांसारखे मूलभूत शब्द आठवून लिहिता आलेच पाहिजेत, असे माझे शिक्षक म्हणून मत आहे.

परीक्षानळी

असे वाटून घेणार असाल तर माझी हरकत नाही. फक्त टाइप करायच्या जागा एका चाचणीत मोजक्या असाव्यात, आणि एका वाक्यात दोनपेक्षा अधिक जागा गाळू नयेत. '______ आणि ______ यांच्या अभिक्रियेतून ______ व ______ तयार होतात' असे प्रश्न मी पाहिले आहेत. त्यांत वाक्याचा सांगाडाच उरतो, अर्थ उरत नाही. शिवाय आम्ल आणि आम्लारी यांचा क्रम उलटा लिहिला तरी रसायनशास्त्र बरोबरच असते, पण क्लोझ प्रकारात प्रत्येक जागा स्वतंत्रपणे तपासली जात असल्याने दोन्ही गुण जातात.

खडूफळा

आपल्या सूचनांनुसार मसुदा बदलला आहे. लिटमसच्या प्रश्नात वर्गाचे नाव विचारले आहे आणि 'आम्ल, आम्ले, अम्ल, ॲसिड' ही उत्तरे मान्य केली आहेत. पाऱ्याच्या प्रश्नात शून्य अंश सेल्सिअस घातले, आणि 'मर्क्युरी' हेही मान्य केले. सामूच्या प्रश्नात २५ अंश, मोलर आकारमानात १ बार दाब आणि ०.०५ चा मान्य फरक. समीकरणात लहानांत लहान पूर्णांकांची सूचना. इथीनसाठी ड्रॉपडाउन. कोबाल्टसाठी लहान-मोठी अक्षरे पाळणारी चौकट. संस्थेकडे मूडल उपलब्ध असल्याने तेच वापरायचे ठरवले आहे.

एक उपप्रश्न : चुकीच्या उत्तरावर नुसते 'चूक' असे दाखवावे की बरोबर उत्तर लगेच सांगावे?

जुनी प्रयोगशाळा

दोन्ही नको. ज्या चुका होणार हे आपल्याला आधीच माहीत असते, त्या चुका उत्तरसूचीत शून्य गुणांनी घालाव्यात आणि प्रत्येकीला वेगळा अभिप्राय जोडावा. मोलर आकारमानासाठी कोणी २२.४ लिहिले तर 'हे आकारमान एक वातावरण दाबाचे आहे. प्रश्नातील दाब पुन्हा पाहा' असे दिसावे. समीकरणात कोणी पहिला सहगुणक २ लिहिला, तर 'उजवीकडील ऑक्सिजनचे अणू मोजा' असे दिसावे. असा अभिप्राय लिहिण्यास वेळ लागतो, पण वर्गात आपण वही तपासताना समासात जे लिहितो, तेच हे आहे.

कळफलक

त्याला जोडून एक तांत्रिक सूचना. पहिल्या तुकडीने चाचणी दिल्यावर निकाल लगेच जाहीर करू नका. मूडलच्या अहवालात प्रत्येक जागेसाठी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष काय लिहिले ते दिसते. ती यादी वाचून, बरोबर असूनही नाकारलेली रूपे उत्तरसूचीत घाला आणि 'पुनर्गुणांकन' करा. आधी दिलेल्या सर्व उत्तरांचे गुण नव्या सूचीनुसार पुन्हा मोजले जातात. दुसऱ्या तुकडीच्या वेळी नव्याने घालायच्या नोंदी बऱ्याच कमी असतात. मात्र ही यादी वाचताना रसायनशास्त्राचा शिक्षक सोबत असलाच पाहिजे, कारण 'एथिलीन' हे इथीनचेच प्रचलित नाव आहे आणि 'इथिल' नाही, हे माझ्यासारख्याला सांगता येणार नाही.